एकोणसत्तर

टाचणीकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. चौतीस वर्षं त्यांनी नगररचना खात्यात बसून शहराचे नकाशे काढले. कागद फळ्यावर ताणून बसवताना चार टाचण्या ओठांत धरायच्या आणि तशाच तोंडाने शेजारच्याची चूक काढायची, ही त्यांची पद्धत. म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना टाचणी म्हणत. टोचतात म्हणूनही म्हणत, पण ते पाठीमागे.

निवृत्तीनंतर त्यांना डबे शोधायचा नाद लागला. हा नाद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुणीतरी एक घट्ट झाकणाचा डबा कुठेतरी दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवरच्या नकाशात टाकतो. बाकीचे फोन हातात धरून तो हुडकत जातात, आतल्या वहीत सही करतात, एखादी बारीकशी वस्तू घेतात, एखादी ठेवतात, डबा जसाच्या तसा झाकतात आणि घरी येऊन फोनवर ‘सापडला’ असं लिहितात. बक्षीस काहीही नाही. शहाणी माणसं याला रिकामटेकडेपणा म्हणतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

काकांनी एकट्याने दोनशे बारा डबे शोधले होते. दोनशे बारा वह्यांत त्यांची सही होती, आणि त्यांच्या वरती-खालती शेकडो जणांच्या सह्या. पण सही करणारा माणूस एकदाही समोर आला नव्हता. एक पाढेबाई नावाच्या होत्या, निवृत्त गणित शिक्षिका. त्यांची सही काकांना बऱ्याच वह्यांत भेटायची, वळणदार अक्षर, तारीख पूर्ण, कुठे खाडाखोड नाही. डबे शोधणाऱ्यांच्या फोनवरच्या गटावर कुणी ‘दीड डझन म्हणजे पंधरा’ लिहिलं की बाई त्याला जाहीरपणे उभं-आडवं घेत. काका ते वाचून एकटेच हसत. पण बाईंनाही काकांनी कधी पाहिलं नव्हतं.

लग्न काकांचं राहून गेलं होतं. आधी बहिणीचं करायचं होतं, मग आईचं दुखणं निघालं, मग वय निघून गेलं. आई जाऊनही चार वर्षं झाली होती. बागेमागच्या गल्लीतल्या त्या बैठ्या घरात दिवसभर बोलणारी वस्तू म्हणजे रेडिओ. उगाच आडवळणं कशाला, काकांना माणूस हवा होता. आपल्या दाराची घंटा कुणीतरी आपल्यासाठी वाजवावी, एवढीच त्यांची मागणी होती.

म्हणून त्यांनी स्वतःचा डबा करायचं ठरवलं. आणि तो ठेवायचा कुठे, तर स्वतःच्या घरात. शेवटच्या टप्प्याची सूचना अशी: ‘दारावरची घंटा वाजवा आणि विचारा, डबा आहे का?’

रविवारी ताईचा फोन आला तेव्हा त्यांनी हे तिला सांगितलं. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात लेकीकडे राहणारी.

“अरे, माणसं हवीत तर बोलाव की सरळ! त्यासाठी कोडी कशाला?” ताई म्हणाली.

“बोलावल्यावर काय, कुणीही येतं. शोधत यायला हवं.”

“येत नाही कुणीही, म्हणून तर तुला हे सुचतंय. तू फार अवघड करून ठेवशील, मला माहितीय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.”

काकांना राग आला, कारण ते खरं होतं. पण अवघड केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सोपं कोडं सोडवून कोण येणार? कुणीही सोम्यागोम्या. अवघड सोडवून जो येईल तो आपल्याशी दोन शब्द बोलण्याजोगा असेल, असा त्यांचा हिशेब.

तीन महिने ते त्याच्यामागे होते. पहिला टप्पा पाण्याच्या टाकीच्या जिन्यापाशी, कठड्यामागे गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत गुंडाळलेला ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदाचा तुकडा. त्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा, आणि पुढच्या जागेचा पत्ता जिन्याच्या पायऱ्या मोजून काढायचा. दुसरा तुकडा ग्रंथालयाबाहेरच्या बाकाखाली, लोहचुंबकाने चिकटवलेल्या डबीत. तिसरा जुन्या पुलाच्या चौथ्या खांबाच्या फटीत. एकेक तुकडा पाहून काही म्हणजे काही कळायचं नाही. तिन्ही एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले की रेघा जुळायच्या आणि बागेमागची गल्ली दिसायची. खात्यात शेवटची दहा वर्षं सगळं काम संगणकावर गेल्यापासून काकांनी हाताने रेघ मारली नव्हती. या तीन तुकड्यांसाठी त्यांनी जुनी पेनं गरम पाण्यात घालून मोकळी केली, आणि पहिली रेघ सरळ आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

चौथा टप्पा गल्लीच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबावरच्या छोट्या पेटीत. त्यात अक्षरांचा चौकोन छापलेली कार्डं आणि भोकं पाडलेला एक जाड कागद. तो कागद चौकोनावर नीट बसवला की भोकांतून सहा अक्षरं दिसत: ए, को, ण, स, त्त, र. घराचा क्रमांक. इथे आकडे टाकावेत की अक्षरं, यावर काकांनी दोन दिवस घालवले. आकडा कसा, कुणीही वाचतो. शब्दाला जरा मान असतो. शेवटी त्यांनी शब्दच ठेवला.

पाचवा टप्पा म्हणजे काका स्वतः. त्यांनी फाटकावरचा ६९ नव्याने रंगवला, पुढच्या खोलीतले पडदे धुतले, सहा कप आणले आणि वहीच्या पानांवर हाताने समास आखले. डबा पुसून टेबलावर ठेवला.

पहिल्या रविवारी दहाच्या सुमाराला एक मुलगा आणि एक मुलगी फोनमध्ये डोकं घालून गल्लीत शिरले. काका खिडकीशी होते. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. ती दोघं फाटकासमोरून सरळ पुढे गेली, वळणापलीकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! काका खुशीत हसले. चुकू देत, येतील फिरून. अर्ध्या तासाने ती फिरून आली खरी, पण हसत-खिदळत, आणि पुन्हा फाटकावरून निघून गेली. नंतर एक चष्मेवाले गृहस्थ गेले आणि आले. त्यानंतर चौघींचा घोळका. दुपारी दोन वाजता काकांनी गार झालेला चहा ओतून दिला आणि फोन उघडला.

‘सापडला!!’ भिंगरी नावाच्या मुलीने लिहिलं होतं. ‘शेवटचा टप्पा काय भारी आहे! काकू एकदम गोड. सरबत मिळालं, गप्पा झाल्या. टाचणीकाका, मानलं तुम्हाला!’ खाली आणखी पाच जणांचं तेच. काकू, सरबत, काकू.

आता काकांच्या घरात काकू हा प्रकार कधी आलाच नव्हता. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. पहिला संशय आला तो स्वतःवरच. सोमवारी त्यांनी पाचही टप्पे पट्टी घेऊन तपासले. केसभर चूक नव्हती. मंगळवारी त्यांनी भिंगरीला फोन लावला.

“तुझं उत्तर काय आलं होतं शेवटी?”

“एकोणसत्तर, काका.”

“बरोबर. मग?”

“मग काय, सेव्हन्टी नाइन. पंचवीसमध्ये कसं, पाच आधी आणि वीस नंतर? तसंच की. नऊ आधी, सत्तर नंतर. माझ्या लक्षात आलं पटकन आणि मी गटातल्या एकेकाला हिंट पाठवली, सगळे तिथेच अडकत होते ना.”

एवढ्या आत्मविश्वासाने केलेली चूक काकांनी खात्यातसुद्धा पाहिली नव्हती. एकोण म्हणजे एक उणा, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिने एकटीने चूक करून न थांबता सगळ्या गटाला ती वाटली होती. एरवी काकांनी तिला तिथल्या तिथे टोचलं असतं. पण नुसतं ‘बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी गटासाठी खरमरीत दुरुस्ती लिहिली. एकोणसत्तर म्हणजे ६९, ज्यांनी ७९ला सह्या केल्या त्यांच्या सह्या बाद, मूळ डबा अजून कुणालाही सापडलेला नाही. पाठवण्याआधी मात्र त्यांना वाटलं, त्या घरची वही ताब्यात घ्यावी. हक्काने ती आपली आहे. आपल्याकडे यायची माणसं त्या बाईने परस्पर पळवली आहेत, आणि वर सरबत पाजते आहे! हा राग चार दिवस नीट तापवून, आणि दुसऱ्या खेपेची माणसंही तिकडेच गेलेली बघून, शनिवारी चार वाजता ते निघाले. विषम आकड्यांच्या बाजूने पाच घरं पुढे, मध्ये एक वळण. चार वर्षांत ते त्या वळणापलीकडे गेले नव्हते, कारण दुकानं अलीकडे होती.

घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं. सत्तरीच्या एक बाई, गळ्यात मापाची फीत, एका हातात काठी.

“डबा ना? या, या. बसा आधी. तुम्ही तेविसावे.”

पाठ केलेलं भाषण तसंच घेऊन काका आत जाऊन बसले. आत खिडकीशी शिवणयंत्र होतं आणि टेबलावर पत्र्याचा एक जुना डबा. बाईंनी तो त्यांच्यापुढे सरकवला. आत शर्टांच्या, झग्यांच्या, कोटांच्या गुंड्या होत्या.

“पहिल्या दिवशी ती पोरगी आली आणि म्हणाली, ‘काकू, डबा आहे का?’ म्हटलं, डबा नाही असं घर असतं का कुठे? हा समोर होता, हाच दिला. मग म्हणाली, वही? धोब्याची वही होती, तीही दिली. एवढी आनंदली! एक गुंडी घेऊन गेली आणि ही शिट्टी ठेवून गेली. बघा.” त्यांनी बशीत मांडलेल्या वस्तू दाखवल्या. शिट्टी, एक शंख, किल्लीची साखळी, खोडरबर. “तेव्हापासून येतातच आहेत. मी सरबत करूनच ठेवते.”

“तुम्हाला… हे काय आहे ते ठाऊक आहे?” काकांनी विचारलं.

“आता झालंय ना ठाऊक. त्या चष्मेवाल्यांनी सगळं समजावलं, टाकी, पूल, काय काय ते.” बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला. “हे माझ्या मुलाने केलंय.”

“मुलाने?”

“तो लांब असतो, सात वर्षं झाली. लहानपणी कोड्यांचा काय नाद त्याला! उशीखाली चिठ्ठी, चिठ्ठीत कपाटाचा पत्ता, कपाटात दुसरी चिठ्ठी. मी शिवत असायचे, म्हणायचे, नंतर बघते. नंतर काही बघितलं नाही मी.” त्यांनी गळ्यातली फीत सारखी केली. “दोन वर्षं झाली मला या घरात. गल्लीत ओळखणारा एकच, मीटर बघायला येतो तो, आणि तोही मीटरलाच ओळखतो. मुलाला हे फोनवर बोलले असेन कधीतरी. त्याने माणसं पाठवली मला.”

“त्यांना विचारलंत तुम्ही?”

“विचारलं तर हसला. ‘आई, कसला डबा? तू पण ना!’ कबूल करेल तो? तेव्हाही करायचा नाही.” मग बाईंनी हुकमाचं पान टाकलं. “आणि नाव काय घेतलंय माहितीय? टाचणी! शिवणाऱ्या बाईच्या पोराशिवाय असलं नाव दुसरं कोण घेणार, सांगा मला?”

काकांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला. दुरुस्ती तिथे लिहून तयार होती. खरं बोलायला त्यांना आयुष्यात कधी धीर गोळा करावा लागला नव्हता. चूक दिसली की ते बोलत, समोरच्याचं तोंड पडलं तरी. आता त्यांनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि फोन खिशातच राहू दिला.

“कुणीच नाही,” ते म्हणाले.

त्यांनी वहीत सही केली. टाचणी लिहिता येत नव्हतं, म्हणून पेन्शनच्या कागदावरचं नाव लिहिलं. ते लिहायला त्यांना क्षणभर आठवावं लागलं.

“कुठून आलात तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“लांबून,” काका म्हणाले. ज्याला खोटं बोलायची सवय नसते तो पहिलंच खोटं नको तिथे बोलतो. पाच घरांवर राहतो म्हटलं असतं तर उद्या साखर मागायला येता आलं असतं. आता तेही गेलं.

“परत या हं. सगळेच म्हणतात येतो, पण एकदा डबा सापडला की कोण कशाला येतंय.” बाई फाटकापर्यंत आल्या आणि काका वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

घरी येऊन काकांनी दुरुस्ती पुसली. मग टेबलाशी बसून ते खांबावरच्या पेटीसाठी नवी कार्डं करायला लागले. आधी त्यांनी ‘एकोणऐंशी’चा चौकोन जुळवला. मग त्यांच्या लक्षात आलं की हीच पोरं उद्या एकोणनव्वदचं दार वाजवतील. शेवटी शब्दाचा मान बाजूला ठेवून त्यांनी सरळ आकड्यांत लिहिलं: ७९. खोटा नकाशा त्यांनी जन्मात काढला नव्हता. हा पहिलाच, आणि तो त्यांनी अगदी स्वच्छ काढला. सकाळी आठला जाऊन कार्डं बदलायची असं ठरवून त्यांनी स्वतःचा डबा कपाटाच्या वर टाकला.

सकाळी ते चपला घालत होते तेवढ्यात फोन वाजला. पाढेबाईंचा संदेश होता, थेट त्यांच्या नावाने.

‘टाचणी यांस, नमस्कार. हिंट न घेता करत होते, म्हणून आठ दिवस लागले. तीन तुकडे जुळले तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली. शेवटचं उत्तर एकोणसत्तर, म्हणजे ६९. पण सगळे ७९ला जाऊन आलेत असं लिहितात. ते चुकले की मी? गल्लीच्या तोंडाशी उभी आहे.’

काका खिडकीशी गेले. दिव्याच्या खांबाखाली एक उंच बाई उभ्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा कपाळावर चढवलेला. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात फोन. शंभर पावलांवर. तीन महिने ज्याच्यासाठी रेघा मारल्या तो माणूस बिनचूक दाराशी आला होता, आणि आत सहा कप पालथे पडले होते.

‘तुमचंच बरोबर,’ काकांनी लिहिलं. पाठवायच्या खुणेवर अंगठा नेला. बाई आल्या असत्या, घंटा वाजवली असती, बसल्या असत्या, त्या टाळीबद्दल बोलल्या असत्या. आणि संध्याकाळपर्यंत गटावर सविस्तर लिहिलं असतं, एकोण म्हणजे काय, कोण चुकलं आणि खरा डबा कुठे आहे. चूक दिसल्यावर गप्प बसणं बाईंच्या रक्तात नव्हतं. हे काकांना पुरेपूर कळत होतं, कारण त्यांच्याही नव्हतं. मग कुणीतरी भला माणूस ७९ला जाऊन काकूंना सांगणार होता की त्यांच्याकडे कुणी पाठवलंच नव्हतं.

त्यांनी ते दोन शब्द पुसले. पुन्हा लिहिले. पुन्हा पुसले. मग एका दमात लिहून पाठवलं: ‘तुमचं गणित बरोबर. कोडंच चुकलं. तिथे ७९ हवं होतं. चूक माझी. कार्डं आज बदलतो आहे.’

बाईंनी वाचलेलं इथून दिसत होतं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि उत्तर दिलं. ‘असं होय. इतकं नेटकं काम करणाऱ्याची अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं. असो. माणूस आहे.’

मग त्या गल्लीत चालायला लागल्या. काका पडद्यामागे सरकले. चपलांचा आवाज जवळ येत येत फाटकासमोर थांबला. बराच वेळ तो थांबलेलाच होता. काकांच्या हातात फोन पुन्हा वाजला, आणि तो बाहेर ऐकू गेला की काय म्हणून त्यांनी तो छातीशी दाबून धरला.

‘जाता जाता विचारते. या ६९च्या फाटकावर रंग ताजा दिसतो. इथे कोण राहतं?’

काकांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘कोणी नाही.’ आणि त्यावर बाईंचं काही उत्तर आलं तर रिकाम्या घरात ते वाजू नये, म्हणून फोनचा आवाज बंद केला.